सोनारकामाचे पुस्तक आणि हाताचे ज्ञान

सोनारकाम पुस्तकातून शिकता येते का, हा प्रश्न वरवर धंद्याचा वाटतो. मुळात तो प्रमाणांचा आहे. न्यायदर्शन ज्ञानाची चार साधने मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पुस्तक शब्दप्रमाणात मोडते. त्या शब्दाचा अधिकार किती आणि तो कुठे संपतो, हे ऐरणीजवळ बसल्याखेरीज ठरत नाही.

या विषयावरचे लेखन जुने आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सोन्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र अध्याय आहेत. कसोटीवरचे कस कसे वाचावेत, सोन्याचे रंग कसे ओळखावेत आणि सोनार सोने कोणकोणत्या युक्तीने लंपास करतो, हे सारे त्यात आले आहे. ते शिकाऊ मुलासाठी लिहिलेले नाही. राजाचे नुकसान होऊ नये म्हणून लिहिलेले आहे. दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरूचा चौदाव्या शतकातला ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथही पारख करणाऱ्याच्या बाजूचाच. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मात्र कृती सापडते. मेणाची मूर्ती करावी, तिच्यावर मातीचे लेप द्यावेत, मेण वितळवून काढावे आणि पोकळीत धातू ओतावा. मेणाच्या वजनावरून धातूचे वजन काढण्याचा हिशेबही तिथे आहे. कास्टिंग करणारा कारागीर आजही तोच हिशेब करतो.

युरोपात बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या मठवासी लेखकाने धातुकाम, काचकाम आणि रंगकाम यांवर ग्रंथ लिहिला. देवाने दिलेले कौशल्य दडवून ठेवणे पाप आहे, म्हणून लिहितो, असे तो प्रस्तावनेत सांगतो. कारागिरीचे पुस्तक लिहिणे हे धर्मकृत्य आहे, असा दावा इतक्या उघडपणे फार थोड्यांनी केला असेल. पुढे १५६८ मध्ये बेनवेनुतो चेलिनीचे सोनारकाम आणि शिल्प यांवरचे प्रबंध छापले गेले. विसाव्या शतकात जर्मन लेखक एरहार्ड ब्रेपोल, तसेच अमेरिकन लेखक ऑपी उनट्राख्ट आणि टिम मॅक्रेट यांची पुस्तके जगभरच्या कार्यशाळांत पोचली. उनट्राख्टने भारतीय दागिन्यांवरही एक मोठा ग्रंथ लिहिला, तो १९९७ साली निघाला.

एवढे लिहिले गेल्यावरही शंका उरतेच. डाक देण्याचेच, म्हणजे वितळत्या मिश्रधातूने सांधा जोडण्याचेच घ्या. पुस्तक सांगते की शुद्ध चांदी ९६१ अंशांवर वितळते, सोने १०६४ अंशांवर, आणि डाक त्याआधी वाहायला हवा. हे खरे आहे, पण शेगडीपुढे बसलेल्याजवळ अंश मोजायचे साधन नसते. त्याला दिसतो टाकणखार. तो आधी पांढरा फुगतो, मग बसतो, मग काचेसारखा चकचकीत होऊन सांध्यावर पसरतो. दागिना मंद लालसर होतो, आणि एका क्षणी डाकाची चकाकती रेघ सांध्यातून धावते. त्याच क्षणी आच काढावी लागते. जरा उशीर झाला की बारीक तार गोळा होऊन बसते. तो क्षण वाक्यात सांगता येतो, पण ओळखावा लागतो डोळ्यांनी आणि मनगटाने. इंग्रज तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल याने १९४९ साली ‘अमुक असे आहे हे माहीत असणे’ आणि ‘अमुक करता येणे’ हे दोन निराळे प्रकार मानले. नागपूरच्या कळमना मार्केटात तुरीचा ढीग पाहणारा अडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडतो आणि ओल किती ते सांगतो. त्याचे आणि डाक देणाऱ्या सोनाराचे ज्ञान या दुसऱ्या प्रकारचे.

मात्र एवढ्यावरून पुस्तक निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. डाक उष्णतेच्या दिशेने धावतो, म्हणून ज्योत डाकावर न धरता आजूबाजूचा सगळा धातू सारखा तापवावा, हा नियम चांगले पुस्तक कारणासकट सांगते. उस्ताद पुष्कळदा नुसता हात धरून ज्योत सरकवतो. हात शिकतो, कारण कळत नाही. आणि धातू बदलला की तोच हात चाचपडू लागतो.

पंढरपूरच्या संत नरहरी सोनारांची कथा इथे नव्याने वाचावी अशी आहे. महिपतींच्या ‘भक्तविजया’मुळे ती घरोघरी पोचली. नरहरी कट्टर शिवभक्त. विठ्ठलाचे तोंड पाहायचे नाही हा नेम. एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा घडवायला सांगितला आणि कमरेचे माप आणून दिले. करगोटा कधी तोकडा झाला, कधी सैल. अखेर नरहरी डोळ्यांना पट्टी बांधून मंदिरात गेले. बोटांना शंकराच्या खुणा लागल्या, पट्टी काढली तर समोर विठ्ठल. हरिहर एकच आहेत हा या कथेचा रूढ अर्थ, आणि तो पुरेसा आहे. पण सोनाराच्या कथेत सोनारकामाचाही अर्थ असणारच. दुसऱ्याने आणलेले माप, म्हणजे शब्द, पुरे पडले नाही. नुसता स्पर्शही पुरला नाही; बोटांनी मनात आधीच वसलेले दैवत शोधले. पट्टी निघाली, आणि मग काम जुळले. हातही आपल्या संस्कारांनी बांधलेला असतो, ही गोष्ट अनुभवाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

त्याचा कडू पुरावा कॅडमियमचा आहे. कॅडमियम मिसळलेला डाक लवकर वाहतो, सांधा स्वच्छ येतो. ‘केडीएम’ हे नाव त्याच्यामुळेच सराफ्यात रूढ झाले. पण कॅडमियम ७६७ अंशांवरच उकळते. आच लागली की त्याचा धूर होतो, आणि तो धूर फुप्फुसे व मूत्रपिंडे खराब करतो. हाताला हे कधीच कळले नसते. हात फक्त सांगत होता की काम सोपे झाले. धोका कळला तो शास्त्राने, म्हणजे शब्दाने. शब्दही चुकतो, हेही तितकेच खरे: विसाव्या शतकातल्या जुन्या पुस्तकांत अ‍ॅस्बेस्टॉसच्या फळीवर झाळकाम करायला बिनदिक्कत सांगितलेले आढळते. म्हणून पुस्तकाची आवृत्ती आणि साल पाहणे हा प्रमाणविचाराचाच भाग समजावा.

न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने आप्त, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा असा माणूस, कोण हे सांगितले आहे: ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना हे लक्षण सारखेच लागू, असेही तो म्हणतो. जात, भाषा, देश यांची अट त्यात नाही. आपल्याकडे सोनारकामाची विद्या मात्र शतकानुशतके घराण्यात आणि जातीत राहिली. मुलींना तर शेगडीजवळ बसायलाही क्वचितच मिळाले. नागपूरच्या इतवारीचा सराफा कळमना आणि पारडी या वस्त्यांपासून फार लांब नाही. तरी ज्याच्या घरात कोणी सोनार नाही, अशा तिथल्या मुलाला किंवा मुलीला दुकानाच्या मागच्या खोलीत सहज प्रवेश मिळत नाही. पुस्तक मात्र कुणालाही उघडता येते. ते हात घडवणार नाही. पण काय विचारावे, कशापासून जपावे आणि उस्तादाने न सांगितलेले कारण काय, हे सांगेल. न्यायाच्या दृष्टीने हे थोडे नाही.

नरहरींच्या प्रसिद्ध अभंगात बागेसरी, मूस, हातोडा, कातर आणि ताजवा ही सोनाराची हत्यारे एकेक करून परमार्थाला लावलेली आहेत. ही हत्यारे ज्यांच्या हातात आजही आहेत, त्या कारागिरांनी डाकाचे प्रमाण, आचेच्या खुणा आणि टाळायच्या चुका मराठीत लिहून ठेवाव्यात. लिहिणे जमत नसेल तर शिकल्यासवरल्या नातवंडांना सांगून लिहवून घ्याव्यात.