हात न लावण्याचं पुण्य

मालवणला पहिल्यांदा स्कूबा डायव्हिंग केलं तेव्हा प्रशिक्षकाने एक नियम दोनदा सांगितला: कशालाही हात लावायचा नाही. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण ती इवल्या जिवांची वसाहत असते. त्यांच्या पेशींत राहणारं शैवाल त्यांना अन्न पुरवतं. पाणी फार काळ तापलं की ते शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. त्यात आपल्या हाताची भर नको. मी नियम पाळला. दुसऱ्या दिवशी होडीने सिंधुदुर्ग पाहिला, मासे खाल्ले आणि आपण काही बिघडवलं नाही या समाधानात पुण्याला परतलो.

त्याच हिवाळ्यात शहाद्याला घरी आलो होतो. धडगावचा मित्र म्हणाला, "समुद्रातली बेटं पाहिलीस, आता आपली बघ." आम्ही आधी तोरणमाळला भटकलो, मग सातपुडा उतरून नर्मदेवर गेलो. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. २०१७मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, २०१९मध्ये पाणी पहिल्यांदाच १३८.६८ मीटरपर्यंत चढलं. काही टेकड्यांवर आता नावेनेच जावं लागतं.

अशाच एका टेकडीवर एका पावरा घरात कोरा चहा मिळाला. आजोबांनी पाण्याकडे बोट दाखवलं. मित्राने अर्थ सांगितला: "तिथं घर होतं." माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगायला लाज वाटते. इथे डाइव्ह करता येईल का?

निघताना त्यांच्या मुलाने जमिनीचा कागद पुढे केला. त्यावरचं नाव आधार कार्डाशी जुळत नव्हतं. "दादा, तुम्ही कॉम्प्युटरवाले. जरा बघा ना." मी "बघतो" म्हणून फोटो काढला. तो सूर्यास्ताच्या फोटोंमध्ये चार महिने पडून राहिला.

दुसऱ्याच्या आयुष्यात ढवळाढवळ नको, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. म्हणजे प्रवाळाचा नियम मी माणसांना लावला. प्रवाळ आपल्याकडे काही मागत नाही, म्हणून तिथे हात आवरणं पुरतं. इथे समोरच्याने मागितलं होतं. हात न लावण्याला इथे मी सभ्यपणा म्हणत होतो. खरं तर तो आळस होता.

यावर कुणी म्हणेल, सुट्टीवर गेलेल्या माणसाने सगळ्या जगाचं ओझं का वाहावं? मान्य. धरणाचा हिशोब माझ्याच्याने होणार नाही. पण चहा मी प्यायलो होतो आणि "बघतो" हा शब्दही माझाच होता. पाहायचा हक्क तिकिटाने मिळत असेल, दिलेला शब्द मात्र तिकिटाबरोबर संपत नाही.

मित्राला फोन केला, अर्ज तयार केला. नाव अजून दुरुस्त झालेलं नाही. पुढच्या महिन्यात अर्जावर सही घ्यायला पुन्हा त्या टेकडीवर जायचं आहे. ऑफिसात मात्र त्यासाठी सुट्टीच टाकली आहे.