संत मोनिका आणि शेजारणींच्या तोंडावरचे वळ



येत्या २७ ऑगस्टला संत मोनिकाचा सण आहे. मुलासाठी अश्रू ढाळणारी आई म्हणून ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिचे पुत्र संत ऑगस्टीन ह्यांनी आपल्या आत्मकथनाच्या नवव्या भागात तिच्या संसाराविषयीही लिहिले आहे. पती शीघ्रकोपी होता, पण त्याने तिला मारल्याचे कुणी ऐकले नाही. गावातल्या इतर बायकांच्या चेहऱ्यावर मात्र माराचे वळ असत. त्या गाऱ्हाणे घेऊन आल्या की मोनिका सांगे, लग्नाच्या कराराने तुम्ही दासी झाला आहात, धन्यापुढे मान वर करू नका.

चौथ्या शतकातल्या रोमन समाजात तिला दुसरे काही सुचले नसेल. पण तोच सल्ला आपण आजही देतो. मीसुद्धा दिला आहे. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्याच वर्षी एक भगिनी माझ्याकडे रडत आली. "धीर धरा, रोझरी म्हणा," एवढे सांगून मी तिला परत पाठवले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकून आलो होतो, पण तिच्या सुजलेल्या मनगटाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. ती पुन्हा आली नाही.

आपण लगेच दारूकडे बोट दाखवतो. ते खोटे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांचे पती वारंवार पिऊन झिंगतात अशा ७० टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. न पिणाऱ्यांच्या घरी हे प्रमाण २३ टक्के होते. म्हणजे बाटली नसतानाही हात उठलाच! शिक्षण आणि पैसा वाढला की मार कमी होतो, थांबत नाही. बापाने आईला मारलेले जिने पाहिले, तिच्याही वाट्याला तो अधिक येतो. त्याच पाहणीत ४५ टक्के स्त्रियांना कोणत्या ना कोणत्या कारणासाठी बायकोला मारणे योग्य वाटले. सर्वांत जास्त सांगितलेले कारण? सासू-सासऱ्यांचा मान न राखणे. आणि मार खाल्लेल्यांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कुणालाही काही सांगितले नव्हते.

"देवाने जोडलेले कसे तोडणार, फादर?" असे आयाच लेकींना विचारतात. लेकीला मारणाऱ्याला हा प्रश्न का विचारत नाही? ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ११५३ वे कलम स्पष्ट आहे. जोडीदारामुळे जिवाला, मनाला वा मुलांना गंभीर धोका असेल, तर दुसऱ्याने वेगळे राहणे रास्त आहे. धोका तातडीचा असेल, तर बिशपांच्या हुकुमासाठी थांबण्याचीही गरज नाही. विवाहबंधन कायम राहते. घर सोडल्याने पाप लागत नाही.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आपल्यालाही लागू आहे. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे. शनिवारी सायंकाळी मी कार्यालयात असतो. सोबत बहिणीला आणा, शेजारणीला आणा. सासूबाईंना नंतर वेगळे बोलावू.

— तुमचे फादर