मला माहीत नव्हतं

गेल्या नोव्हेंबरात ऑफिसातल्या एका मित्राने भंडारदऱ्याला जायला माझा तंबू नेला. रात्री अवकाळी पाऊस आला, शिवणी पाझरल्या आणि त्याची चार वर्षांची मुलगी झोपेत भिजली. तिला तीन दिवस ताप होता. तंबू परत देताना तो एवढंच म्हणाला, "अरे, हा एकदा बघून घे." मी म्हटलं, "सॉरी यार, मला खरंच माहीत नव्हतं." ते खरंच होतं, त्यामुळे मला फार अपराधी वाटलं नाही. तंबू पुन्हा माळ्यावर गेला.

पावसाळ्यात आमचे कॅम्प बंद असतात. या जुलैत पहिल्यांदाच मी तंबू डोंबिवलीच्या घरात, हॉलमध्ये पुरता उभा केला. आईला स्वयंपाकघरात जायला त्याला वळसा घालावा लागत होता. आतून हात फिरवला तर कापड चिकट, वास आंबूस. पाणी अडवण्यासाठी कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. ओल महिनोन्‌महिने राहिली की तो विघटित होतो. आधी चिकटतो, मग त्याचे पापुद्रे निघतात, शिवणींवरची पट्टी सुटते. हे एका रात्रीत होत नाही. लागोपाठ दोन वर्षं जूनमध्ये काजवे बघून परतल्यावर मी तंबू ओलाच गुंडाळून ठेवला होता.

गणितज्ञ विल्यम क्लिफर्डने 1877 साली एका निबंधात जहाजमालकाचं उदाहरण दिलं आहे. जहाज जुनं झाल्याची शंका मालकाला येते. तो ती दाबून टाकतो, जहाज सुखरूप जाईल अशी मनाची खात्री करून घेतो, आणि जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, ते सुखरूप पोचलं असतं तरी मालक तितकाच दोषी. कारण तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता.

माझी पंचाईत वेगळी आहे. मी शंका दाबली नाही, मला ती आलीच नाही. पण येणार कुठून? मी तंबू उघडायचो तो फक्त वापरायला, अंधार पडायच्या आत, घाईत. नोकरीत मी न तपासलेली एक ओळ पुढे जाऊ देत नाही, हे इथे लिहिताना थोडी लाज वाटते.

आमच्या जिल्ह्यातल्या उत्तनच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. नियम माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रासाठी आहे, पण ते 61 दिवस होडीलाही मिळतात. ती वर ओढलेली असते, तळ उघडा दिसतो. शंका घ्यायला निवांतपणा लागतो, आणि तो तिथे वर्षाच्या हिशेबातच धरलेला आहे.

आता सगळंच तपासत बसायचं का? लिफ्ट, गॅसची नळी, उसनी दिलेली बाइक? त्याचं नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. पण दुसऱ्याचं मूल ज्यात झोपणार, ते तरी मी बघायला हवं होतं.

मुलगी कधीच बरी झाली; मित्र बहुधा विसरलाही असेल. त्या सुटलेल्या पट्टीचा फोटो मी काढलाय. त्याला अजून पाठवलेला नाही.