राखणदार



पावसाळा सरताना एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही चार वर्षांच्या मुलाला तुंगारेश्वरच्या अभयारण्यात नेलं. ओढ्यात त्याला इवलासा खेकडा सापडला. "घरी नेऊ या!" म्हणत त्याने तो बाटलीत भरला. "बाळा, त्याचं घर इथेच आहे," आम्ही समजावलं. त्याने तो सोडला आणि विचारलं, "मग आपल्या वाडीत खेकडे का नाहीत?"

आम्ही गप्प झालो. आमच्या वाडीत बावखल होतं. पावसाचं पाणी त्यात साठे, विहिरीत झिरपे. त्यावर केळी आणि पानवेली पोसल्या. घर वाढवताना आम्ही ते भराव टाकून बुजवलं. जागा आमची, मग चूक कसली, असं तेव्हा वाटलं.

उत्पत्तीच्या पुस्तकात (२:१५) परमेश्वर मानवाला एदेन बागेत ठेवतो तो मशागतीसाठी आणि राखणीसाठी. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून राखणदारी संपत नाही.

भाऊबंदांचं सामाईक बावखल अजून शाबूत आहे. ते बुजवायच्या कागदावर आम्ही सही करणार नाही. मुलाला दिलेलं उत्तर आम्हालाही लागू आहे.