ओवी परक्याची, तरी आपली?



आजचा श्लोक, गीता 17.15: बोलणं खरं हवं, गोडही हवं. काल तेरला गोरोबाकाकांच्या समाधीपुढे बसलो असताना फादर थॉमस स्टीफन्स आठवले. हे इंग्रज जेसुइट 1579 मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि ख्रिस्तकथा चक्क आपल्या ओवीत लिहिली. 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये सासष्टीतल्या रायतूरला छापलं. त्याच सासष्टीत 1567 मध्ये देवळं पाडली गेली होती.

मग त्यांच्या ओवीचं कौतुक करावं का?

देवळं पाडली, ओवी धर्मप्रसारासाठी लिहिली, हे खरं. परक्याने आपल्या भाषेवर जीव लावला, हेही खरंच. एक सांगताना दुसरं लपवायचं नाही, आणि मनात विष ठेवायचं नाही. मला वाटतं, वाणीचं तप ते हेच. जमेल आपल्याला?