शून्य जबाबदारी

माझ्या डेबिट कार्डावरून पैसे गेले ते मध्यरात्री, परदेशातल्या कुठल्याशा संकेतस्थळावर. तिकडच्या व्यापाऱ्याला आपल्यासारखा ओटीपी लागतोच असं नाही; कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. ते कुठून फुटले, आजतागायत कळलेलं नाही. सकाळी मेसेज पाहिला, कार्ड बंद केलं, दुपारी बँकेत अर्ज दिला. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आहे: चूक ना बँकेची ना खातेदाराची, आणि खातेदाराने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात जमा व्हायला हवी. माझी झाली.

विषय तिथेच मिटला असता. मीच तो मिटू दिला नाही. स्टाफरूममध्ये सांगितला, भिशीत सांगितला, सोसायटीच्या गणपतीत दुर्वांच्या जुड्या बांधता बांधता सांगितला. सांगताना बाकी काहीही गळलं तरी एक वाक्य गळत नसे: ‘मी ओटीपी दिला नव्हता हं!’ त्यावर कुणीतरी म्हणायचंच, ‘तुम्ही कशाला द्याल, बाई!’ पैसे परत आल्याचं समाधान होतंच, पण मला खरी गोडी लागली होती ती या वाक्याची. पुढे मी पदरचंही जोडू लागले. लोक डोकं गहाण ठेवतात, मग चोराला काय दोष द्यायचा, वगैरे. मांडवात सगळे हसले होते.

हसणाऱ्यांत तळमजल्यावरचे काकाही होते. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. हिशेबाला इतके चोख की अजूनही सुटे पैसे बोटांच्या पेरांत रचून, न बघता मोजतात. भरणा कमी आला तर खिशातून भरायचा, ही सवय जन्माची. दिवाळीनंतर एका संध्याकाळी ते वर आले. ‘बाई, जरा एक अर्ज लिहून द्याल का? तुमचं अक्षर चांगलंय.’

त्यांना फोन आला होता. केवायसी राहिलीय, आज रात्री कार्ड बंद पडेल, पेन्शन अडकेल. त्यांनी कार्डावरचे आकडे वाचून दाखवले, मग मेसेजमधला ओटीपी. ‘कुणालाही सांगू नका’ हे त्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत. फोनवरचा माणूस मात्र मराठीत बोलत होता, आणि काकांना ‘साहेब’ म्हणत होता. नोकरीत त्यांनीच इतरांना साहेब म्हटलेलं.

माझ्या तोंडून पहिला प्रश्न गेला तो असा: ‘पण काका, तुम्ही ओटीपी सांगितलातच कसा?’

किती पैसे गेले, कधी गेले, कळवलंत का, यातलं काहीही मी आधी विचारलं नाही. खरं तर त्या प्रश्नाला उत्तर नकोच होतं मला. ते आणि मी वेगळ्या जातीचे बळी आहोत, एवढी रेघ ओढून घ्यायची होती.

मग कळलं की त्यांनी दोन दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं. काकूंनासुद्धा नाही. अशा वेळी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन केला तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. तासागणिक ती घटत जाते. मी म्हटलं, निदान माझ्याकडे तरी लगेच यायचंत. ते सरळपणे म्हणाले, ‘तुम्ही मांडवात बोलला होतात ना. म्हटलं, बाई काय म्हणतील.’

टोमणा नव्हता त्यात. तसा त्यांचा स्वभावच नाही. म्हणून त्यावर मला काही बोलताही आलं नाही. चोराला दोन दिवसांची सवड मिळाली, ती देणाऱ्यांत मीही होते.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. बनावट कार्डं वापरून देशोदेशीच्या एटीएममधून पैसे काढले गेले, एकूण चौऱ्याण्णव कोटींच्या वर रक्कम गेली. तेव्हा आपण म्हणालो, ‘केवढी आंतरराष्ट्रीय टोळी असेल!’ बँकेला कुणी बावळट म्हटलं नाही. ते विशेषण आपण एकट्यादुकट्या माणसासाठी राखून ठेवतो.

अर्ज लिहायला बसलो. मी म्हटलं, ओटीपीचा उल्लेख लगेच नको करायला. दोष खातेदाराचा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे, त्याच परिपत्रकात तसं म्हटलंय. काका म्हणाले, ‘नको, झालंय तसं लिहा. मी सांगितला.’ मी लिहिलं. आणि लिहिताना माझा स्वतःचा अर्ज आठवला. ओटीपी किंवा पिन कुणाला सांगितला होता का, या प्रश्नापुढे मी ठसठशीत ‘नाही’ लिहिलं होतं. मुलाच्या परदेशी विद्यापीठाची अर्जाची फी भरण्यासाठी परदेशी व्यवहारांचं बटण मी चालू केलं होतं आणि काम झाल्यावर ते बंद केलं नव्हतं, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. नियमाप्रमाणे ते निष्काळजीपणात धरतात की नाही, हे मी आजही मुद्दाम वाचून बघितलेलं नाही.

बँकेचं उत्तर दोन ओळींचं आलं. माहिती खातेदाराने स्वतः दिलेली असल्यामुळे कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं. तेही नियमाला धरूनच.

आता मी त्यांच्या मागे लागलेय की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ या. पैसे लागत नाहीत, तक्रार ऑनलाइन करता येते, मी बसून भरून देते. ते मान हलवतात. ‘भरणा कमी आला, खिशातून भरला. त्यात भांडायचं काय?’ मी पुन्हा पुन्हा समजावते, जरा जास्तच तळमळीने. त्यांचे पैसे मिळावेत म्हणून तळमळते की तो मांडव मला सलतोय म्हणून, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. काकांना बहुधा कळलं असावं. परवा मी विषय काढल्यावर म्हणाले, ‘बाई, तुम्हाला बरं वाटणार असेल तर भरा तो फॉर्म.’