हनुमंताने निवडलेली भाषा

दुसऱ्याची रीत जाणून घ्यावी, ती कशासाठी? हा प्रश्न जुनाच आहे. परंतु आता त्यास विद्यापीठात स्थान मिळाले आहे. भिन्न संस्कृतींच्या माणसांनी एकत्र काम कसे करावे आणि त्यांच्याकडून ते कसे करून घ्यावे, हा व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणातील एक स्वतंत्र विषय होय. त्यास मोठे बळ दिले ते डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ हॉफस्टीड यांच्या १९८० मधील ग्रंथाने. आय.बी.एम. कंपनीच्या देशोदेशीच्या नोकरवर्गाने भरून दिलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांच्या आधारे त्यांनी ४० राष्ट्रांचे स्वभाव अंकांत मांडले. वरिष्ठाचे वरिष्ठपण निमूट मान्य करण्याच्या वृत्तीबद्दल भारताच्या वाट्यास ७७ अंक आले.

अशी कोष्टके निरुपयोगी नव्हेत. आपली रीत म्हणजे जगाची रीत नव्हे, एवढे तरी त्यांवरून तरुणास उमगते. परंतु जामसांवलीस निजलेल्या मारुतिरायापुढे उभे राहिले, की एका राष्ट्रास एकच अंक देणे अपुरे वाटू लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये या दोहोंचा निराळा पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा सरकल्या, तरी घरी मराठी आणि कचेरीत हिंदी बोलणारा माणूस दर्शनाच्या रांगेत गोंडी बोलणाऱ्यामागे सहज उभा राहतो.

आता समजा, व्यवस्थापनाची पदवी घेतलेला एक तरुण दूरच्या कंपनीतर्फे या भागात संत्री खरेदी करण्यास आला. बागाईतदारास तो 'राम राम' करतो, आधी मारुतीचे दर्शन घेतो, मग आंबिया बहाराचा सौदा काढतो. हे सौजन्य म्हणावे की सापळा? बाहेरून पाहता दोहोंत तिळमात्र फरक दिसत नाही.

या ठिकाणी वाल्मीकिरामायण मार्ग दाखविते. अशोकवनात सीतेशी कोणत्या भाषेत बोलावे, याचा हनुमान सुंदरकांडात विचार करतो. द्विजासारखे संस्कृत बोलावे, तर ती आपणांस रावण समजून भिईल. म्हणून सामान्य माणसाचीच वाणी तो पत्करतो. व्याकरणशुद्ध भाषणाबद्दल रामाने ज्याची प्रशंसा केली, तोच ऐकणारीच्या भयाचा विचार करून आपली विद्वत्ता बाजूस ठेवतो. पण हे कौशल्य एकट्या हनुमंताचे नव्हते. परिव्राजकाचा वेष घेऊन वेदघोष करीत पर्णकुटीच्या दारी आलेल्या रावणासही अतिथिधर्म पूर्ण ठाऊक होता. सीता अतिथीस विन्मुख पाठविणार नाही, हे जाणूनच तो आला. आजच्या परीक्षेस हे दोघे बसते, तर दोघेही उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले असते!

मग भेद कोठे राहिला? दोन गोष्टींत. हनुमंताने आपण कोणाचे दूत, हे सांगितले आणि खुणेची मुद्रिका पुढे केली. रावणाने आपला हेतू झाकून आतिथ्य घेतले. दुसरी गोष्ट अधिक कठीण. पाठीवर बसवून नेण्याची हनुमंताची विनंती सीतेने नाकारली, तेव्हा सामर्थ्य असूनही त्याने तो नकार शिरोधार्य मानला. रावणास नकार ठाऊकच नव्हता.

तेव्हा हा विषय शिकविणाऱ्या अध्यापकाने प्रत्येक उदाहरणापाशी विद्यार्थ्यास दोन प्रश्न विचारावेत. तू त्याची रीत ज्या हेतूने शिकलास, तो हेतू त्याला उघड सांगू शकशील काय? आणि तो 'नाही' म्हणाला, तर आपला नफा सोडून परतशील काय? हेतू सुधारणे महाविद्यालयाच्या हाती नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु हेतूचा प्रश्नच न विचारता निव्वळ कौशल्य देणे म्हणजे पर्णकुटीची वाट दाखवून, वाटसरू कोण याची चौकशी न करण्यासारखे आहे. त्या संत्रीखरेदीदाराने दर्शन अवश्य घ्यावे. मात्र भाव न पटल्यामुळे सौदा मोडला, तरी परततानाही त्याने बागाईतदारास तितक्याच आदराने 'राम राम' करावा. त्याच्या विद्येची परीक्षा तेथे होते.